खेळाडू मातेची रजा

गिरणींत, कचेरींत किंवा शाळेंत काम करणाऱ्या स्त्रीस प्रसूतीच्या वेळीं पगारी रजा मिळावी, हें तत्त्व आज आपल्याकडे कोणी वादाचें मानीत नाहीं. परंतु तें आपोआप मान्य झालेलें नाहीं. मुंबईच्या कायदेमंडळापुढें १९२८ सालीं कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूतीच्या मदतीचें बिल आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याचा पुरस्कार केला. मातेस प्रसूतीपूर्वीं व नंतर विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानें त्या भाराचा कांहीं वांटा उचलणें न्याय्य आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९२९ सालीं, मुंबईचा कायदा झाला. या विषयावरील देशांतील तो पहिला कायदा होय. १९६१ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला, व २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांच्या वेळची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली.

आतां प्रश्न असा कीं, धांवणें, पोहणें किंवा चेंडू खेळणें हेंच जिचें काम आणि त्या कामावरच जिचें पोट, तिनें रजेचा अर्ज कोणाकडे द्यावा?

हा प्रश्न दूरच्या देशांतील मोठ्या खेळाडूंचा आहे, आपला त्याशीं काय संबंध, असें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. संबंध आहे. दहावीच्या सुमारास आमच्या शाळेंतील पुष्कळ चांगल्या खेळाडू मुलींचे खेळ एकाएकीं बंद होतात. पालकांस विचारावें, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें: "सर, उद्यां लग्न होईल, मूलबाळ होईल, मग हें सारें सुटायचेंच आहे. आजच सुटलें तर काय बिघडलें?" या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मूल होणें व खेळ सुटणें यांची गांठ निसर्गानेंच मारून ठेविली आहे, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे, हें पाहण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहों. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों: खेळाडू स्त्रीची कारकीर्द तिच्या शरीरापेक्षां तिच्या करारपत्रानें व क्रमवारीच्या कोष्टकानेंच अधिक वेळां मोडली आहे.

प्रथम एक जुनें उदाहरण घेऊं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कून हिनें १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत व चौघींची १०० मीटर रिले अशा चार शर्यतींत सुवर्णपदकें मिळविलीं. त्या वेळीं ती ३० वर्षांची होती व दोन मुलांची आई होती. स्पर्धेपूर्वीं एका इंग्रज क्रीडाधिकाऱ्यानें तिचें वय उलटून गेलें असा अभिप्राय दिला होता, आणि मुलें घरीं टाकून ही बाई धांवते कशाला, अशा अर्थाचीं पत्रेंही तिला आलीं होतीं. वर्तमानपत्रांनीं तिचें नांव 'उडती गृहिणी' असें ठेविलें. मायदेशीं परतल्यावर पांढऱ्या घोड्यांच्या गाडींतून तिची मिरवणूक निघाली, आणि यापुढें तिला इतकें धांवावें लागूं नये म्हणून एक सायकल भेट मिळाली! तिचा पतीच तिचा शिक्षक होता, ही गोष्ट तिच्या पथ्यावर पडली. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळीं ऑलिंपिकचा खेळाडू हौशी असावा लागे. धांवण्याबद्दल त्यास पैसा घेतां येत नसे. मिळतच कांहीं नसे, म्हणून आई झाल्यावर कापून घेण्यासारखेंही कांहीं नसे. धांवण्यास मोल आलें, तेव्हां गर्भारपणाच्या नुकसानीसही मोल आलें.

शरीराचा भाग आम्ही हलका लेखीत नाहीं. गरोदरपणीं स्त्रीच्या शरीरांतील रक्ताचें प्रमाण सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतें व हृदयास अधिक काम पडतें. सांधे बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल होतात, तोल बदलतो, पोटाचे स्नायु ताणले जातात, आणि ओटीपोटास खालून आधार देणाऱ्या स्नायूंवर मोठा भार येतो. प्रसूतीनंतर हे स्नायु पूर्ववत् होण्यास वेळ लागतो. शस्त्रक्रियेनें प्रसूति झाली असल्यास पोटावरची जखम आंतून भरून यावी लागते. बाळ अंगावर पीत असेल, तर मातेस दररोज सुमारें ५०० कॅलरी अधिक अन्न लागतें; रात्रीची झोंप मोडते, ती निराळीच. इंग्लंडमधील व्यायामोपचारतज्ज्ञांनीं २०१९ सालीं जे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, त्यांत प्रसूतीनंतर निदान तीन महिने धांवण्याचा व्यायाम सुरू करूं नये, असा सल्ला आहे. याचा अर्थ त्या काळांत निजून राहावें, असा नव्हे. प्रकृति निकोप असल्यास गरोदरपणीं बेताचा व्यायाम हितकरच असतो, हें आतां वैद्यकांत सर्वमान्य आहे. मात्र पडण्याचा, पोटावर आघात होण्याचा किंवा अंग फार तापण्याचा धोका असलेले खेळ टाळावे लागतात.

आणि जगांतील उत्तम शरीरसंपत्तीसही येथें धोका असतो. सेरेना विल्यम्स हिनें २०१७ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियाची टेनिस स्पर्धा जिंकली, तेव्हां ती सुमारें दोन महिन्यांची गरोदर होती. सप्टेंबरांत शस्त्रक्रियेनें मुलगी झाली, आणि लगेच सेरेनाच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या होऊन तिचा जीव धोक्यांत आला. तेव्हां मातेनें चार महिन्यांत मैदानावर उतरून दाखविलें, कीं टाळ्या पिटाव्या, ही वृत्ति आम्हांस योग्य वाटत नाहीं. ती इतक्या लवकर कां उतरली, हें आधीं विचारलें पाहिजे.

पुष्कळदां त्याचें उत्तर पैशांत मिळतें. धांवपटूस संघाकडून पगार नसतो. बुटांची किंवा कपड्यांची एखादी कंपनी तिच्याशीं करार करते. ती त्या कंपनीचे बूट घालून धांवते व वर्षास ठरलेली रक्कम घेते. करारांत अशीं कलमें असतात कीं, वर्षांतून इतक्या शर्यती धांवल्या नाहींत, किंवा जागतिक क्रमवारींत अमुक स्थानाखालीं घसरण झाली, तर रकमेंत कपात होईल. कारण कोणतेंही असो, कपात होईल. गर्भारपण व प्रसूति यांचा अपवाद म्हणून उल्लेखच नसे. धांवपटू ही कायद्यानें त्या कंपनीची नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असते. त्यामुळें नोकरांच्या रजेचे कायदे तिच्या कामीं येत नाहींत. शिवाय अमेरिकेंत पगारी प्रसूतिरजा देणारा सबंध देशाचा कायदाच नाहीं, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. ज्या देशानें सर्वांत अधिक ऑलिंपिक पदकें मिळविलीं, त्या देशांत ही स्थिति आहे!

कारा गाउचर ही लांब पल्ल्याची अमेरिकन धांवपटू. २०१० सालीं ती गरोदर राहिली, तेव्हां पुन्हां शर्यतींत उतरेपर्यंत पैसे मिळणार नाहींत, असें नायकी कंपनीकडून तिला कळलें. बाळ तीन महिन्यांचें होतें न होतें, तों तिनें अर्ध्या मॅरॅथॉनची तयारी चालविली. त्याच सुमारास बाळ फार आजारी पडून इस्पितळांत होतें, आणि त्यास तेथें ठेवून तिला सरावास जावें लागलें. दिवसाचे मैल पुरे करावेत कीं बाळास अंगावर पाजावें, यांतून एकच निवडावें लागेल, असें वैद्यांनीं तिला सांगितलें होतें. दुसरी धांवपटू ॲलिशिया माँटान्यो हिनें २०१४ सालीं ३४ आठवड्यांची गरोदर असतांना अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत ८०० मीटरची शर्यत धांवून पुरी केली. लोकांनीं कौतुक केलें, छायाचित्रें छापलीं. तिच्याही उत्पन्नावर गर्भारपणामुळें गदा येत होती, हें लोकांस पांच वर्षांनीं कळलें.

तें कळलें २०१९ च्या मे महिन्यांत. माँटान्यो व गाउचर यांनीं न्यूयॉर्क टाइम्स पत्रांतून आपली हकीकत उघड केली. थोड्याच दिवसांत ॲलिसन फेलिक्स हिनेंही लेख लिहिला. फेलिक्सचें नांव मोठें होतें. तोंपर्यंत तिच्या नांवावर ऑलिंपिकचीं सहा सुवर्णपदकें होतीं. नवा करार ठरत असतांना कंपनीनें पूर्वीपेक्षां ७० टक्के कमी रक्कम देऊं केली, असें तिनें लिहिलें. तिचा राग केवळ त्या रकमेवर नव्हता. प्रसूतीच्या आगेमागे कांहीं महिने आपली कामगिरी उणी पडल्यास त्याबद्दल शिक्षा होणार नाहीं, एवढें लेखी द्यावें, अशी तिची मागणी होती. ती मान्य होईना. दरम्यान २०१८ च्या नोव्हेंबरांत, गर्भारपणांतील रक्तदाबाचा गंभीर विकार जडल्यानें, ३२ व्या आठवड्यांतच शस्त्रक्रिया करून तिची मुलगी जन्मास आणावी लागली होती. एकीकडे अपुऱ्या दिवसांचें बाळ इस्पितळांत, आणि दुसरीकडे कागदावरचीं कलमें!

बोभाटा झाल्यावर त्याच वर्षाच्या ऑगस्टांत कंपनीनें नियम बदलला: प्रसूतीपूर्वींचे आठ व नंतरचे दहा असे एकूण अठरा महिने खेळाडूच्या रकमेंत कपात करावयाची नाहीं. फेलिक्सनें मात्र तोंवर दुसरीकडे करार केला होता. त्या वर्षीं दोहा येथील जागतिक स्पर्धेंत, मुलीच्या जन्मानंतर दहा महिन्यांनीं, मिश्र रिलेमध्यें तिनें आपलें १२ वें जागतिक सुवर्णपदक मिळवून उसेन बोल्टला मागें टाकलें. २०२१ मध्यें झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें ४०० मीटरमध्यें कांस्य व रिलेमध्यें सुवर्ण मिळवून तिनें आपलीं ऑलिंपिक पदकें ११ वर नेलीं. ज्या शरीराची किंमत ७० टक्क्यांनीं उतरविली होती, त्याच शरीरानें हें केलें. तिनें पुढें स्वतःच बुटांची कंपनी काढली, व गरोदरपणीं पाऊल वाढून बूट लहान झाले, तर गिऱ्हाइकास नवा जोड फुकट देण्याची योजना जाहीर केली. (गरोदरपणीं पाऊल वाढतें, हें बूट करणाऱ्या पुरुषांच्या आजवर ध्यानांत आलें नसावें.)

पैशानंतर क्रमवारी. टेनिसमध्यें खेळाडूचे गुण मागील बावन्न आठवड्यांच्या खेळावरून मोजतात. वर्षभर खेळ बंद, कीं गुण संपले. सेरेना गरोदर राहिली तेव्हां अग्रभागीं होती. २०१८ च्या फ्रान्सच्या स्पर्धेस आली, तेव्हां चारशेंच्याही खालीं गेली होती. प्रवेश मिळाला, परंतु मानांकन मिळालें नाहीं. मानांकन नसलेल्या खेळाडूची गांठ पहिल्याच फेरींत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशीं पडूं शकते. यावर ओरड झाली व स्त्रियांच्या टेनिस संघटनेनें २०१९ पासून नियम सुधारला. आई झालेल्या खेळाडूस बाळाच्या जन्मापासून तीन वर्षांपर्यंत आपली जुनी क्रमवारी बारा स्पर्धांत प्रवेशासाठीं वापरतां येऊं लागली. २०२५ च्या मार्चांत याच संघटनेनें बारा महिन्यांपर्यंत पगारी प्रसूतिरजेची योजना जाहीर केली. तिचा पैसा सौदी अरबस्तानच्या सरकारी निधींतून येतो, ही योगायोगाची गोष्ट वाचकांनीं आपापल्या परीनें समजून घ्यावी.

मुष्टियुद्धांतील एक प्रकरण तर न्यायासनापुढें गेलें. कॅनडाची मँडी बुजोल्ड हिची टोकियोसाठींची पात्रता स्पर्धा साथीमुळें रद्द झाली, आणि २०१८-१९ मधील तीन स्पर्धांवरून निवड करावी असें ठरलें. नेमक्या त्याच काळांत ती गरोदर व नंतर बाळंतीण होती. क्रीडा लवादानें २०२१ च्या जूनमध्यें निकाल दिला कीं, गरोदर व बाळंत स्त्रियांसाठीं या नियमांत सवलत असलीच पाहिजे. बुजोल्ड टोकियोस गेली व पहिल्याच लढतींत हरली. हरण्याचा तो हक्क तिला मिळाला, हेंही आम्ही लहान मानीत नाहीं.

सांघिक खेळांत मालक कोण, हें स्पष्ट असतें. म्हणून तेथें नियम करणें सोपें गेलें. जागतिक फुटबॉल संघटनेनें २०२१ पासून व्यावसायिक स्त्री-खेळाडूंस निदान १४ आठवड्यांची रजा, दोन तृतीयांश पगार, व त्यांतील आठ आठवडे प्रसूतीनंतर, असा नियम घातला. नियम कागदावर राहतो कीं काय, याची परीक्षाही लवकरच झाली. आइसलंडच्या संघाची कर्णधार सारा ब्यॉर्क गुन्नर्सदोत्तिर ही फ्रान्समधील लियाँ क्लबांत खेळत असे. २०२१ सालीं ती गरोदर असतांना क्लबानें तिचा पूर्ण पगार दिला नाहीं. तिनें दाद मागितली, आणि ८२,००० युरोंहून अधिक थकबाकी द्यावी, असा निकाल तिच्या बाजूनें लागला. तो २०२३ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. १४ आठवडे ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २००० सालच्या करारांत सांगितलेली किमान मुदत आहे. कचेरींत बसून काम करणाऱ्या स्त्रीस हें किमान पुरेल न पुरेल. नव्वद मिनिटें धांवणाऱ्या स्त्रीस तें पुरेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या बाजूचीं उदाहरणें पाहूं. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळानें २०२१ सालीं बारा महिन्यांच्या पगारी प्रसूतिरजेचा नियम केला. त्याचा लाभ घेऊन कर्णधार बिस्मा मारूफ ही २०२२ च्या विश्वचषकास न्यूझीलंडांत गेली, ती सहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊनच. सामना संपल्यावर भारताच्या मुली त्या बाळाभोवतीं गोळा झाल्या, तें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. सानिया मिर्झा हिला २०१८ च्या ऑक्टोबरांत मुलगा झाला. २०२० च्या जानेवारींत ती परतली, आणि पहिल्याच स्पर्धेंत तिनें होबार्टचें दुहेरीचें विजेतेपद मिळविलें. प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीची व मुष्टियुद्धाची उपमा घेतली आहे. ती वाचतांना डोळ्यांपुढें नेहमीं पुरुषच उभा राहतो. मणिपूरच्या मेरी कोम हिनें तें चित्र पालटलें. २००७ सालीं तिला जुळे मुलगे झाले. २००८ सालीं ती पुन्हां जगज्जेती झाली, व २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें तिनें कांस्यपदक मिळविलें.

आपल्या देशांतील एक सोय मात्र पाश्चात्त्य खेळाडूंस हेवा वाटावा अशी आहे. आपले पुष्कळ खेळाडू रेल्वे, पोलीस किंवा अन्य सरकारी खात्यांत नोकरीस असतात. केंद्र सरकारच्या स्त्री नोकरास १८० दिवसांची पगारी प्रसूतिरजा मिळते. ती खेळाडूसही मिळते. म्हणजे घरची चूल पेटत राहते. पण राष्ट्रीय शिबिरांतील जागा ही नोकरी नव्हे. तेथील निवड अलीकडच्या कामगिरीवर होते, आणि बाळंतिणीची अलीकडची कामगिरी कोठून असणार? पगार राखणारा कायदा आपल्याकडे आहे. जागा राखणारा नियम प्रत्येक खेळाच्या संघटनेनें स्वतंत्रपणें करावा लागेल.

राहतां राहिला तान्ह्या मुलाचा प्रश्न. टोकियोच्या वेळीं साथीमुळें परदेशी कुटुंबीयांस बंदी होती. अंगावर पिणाऱ्या बाळांस तरी येऊं द्यावें, म्हणून कॅनडाची बास्केटबॉलपटू किम गाउशे हिला जाहीर विनवणी करावी लागली, तेव्हां कोठें परवानगी मिळाली. २०२४ सालीं पॅरिसच्या खेळाडूंच्या वसतिस्थानांत पहिल्यानेंच पाळणाघर उघडण्यांत आलें. त्यामागें फेलिक्सचा पुढाकार होता.

आमच्या ज्या माजी विद्यार्थिनी क्लबांशीं किंवा कंपन्यांशीं करार करण्याच्या वयांत व योग्यतेस येतील, त्यांनीं सही करण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या: गर्भारपण हा शब्द करारांत आहे कीं नाहीं, असल्यास कपात किती महिने थांबते, परतल्यावर स्थान काय राहतें, आणि वैद्यकीय खर्च कोणाचा. हीं कलमें बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक टाइपांत व अवघड इंग्रजींत असतात. विचारण्यास संकोच वाटल्यास त्यांनीं कागद घेऊन शाळेंत यावें. आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांस असलीं वाक्यें सोडवून दाखविण्याची मोठी हौस आहे.